बॉक्सवर ‘नॉइज कॅन्सलिंग’ लिहिलंय, पण गोंगाट नेमका कुणासाठी बंद होतो?

कॉलेजात असताना मी लॅमिंग्टन रोडवरून एक वायरवाला इअरफोन घेतला होता. किंमत पाचशेच्या आत, बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘नॉइज कॅन्सलिंग’. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये तो कानात घातला आणि सगळं जसंच्या तसं ऐकू येत राहिलं. रुळांचा खडखडाट, पुढच्या स्टेशनची घोषणा, बाजूच्या दोघांचं शेअर बाजारावरचं भांडण. पैसे पाण्यात गेले असं वाटलं. गंमत म्हणजे त्याच प्रवासात घरून फोन आला आणि आई म्हणाली, “आज गाडीत नाहीस का? आवाज किती स्वच्छ येतोय तुझा!”

म्हणजे इअरफोन गोंगाट बंद करत होता. फक्त माझ्यासाठी नाही, आईसाठी.

तेव्हा हे कोडं सुटलं नव्हतं. आता वायरवाले इअरफोन पुन्हा लोकांच्या कानात दिसायला लागलेत, गेम खेळणारी मुलं मुद्दाम वायर शोधतायत आणि बॉक्सवरचा तो शब्द अजून तसाच आहे. म्हणून हा सगळा गुंता एकदा नीट सोडवून बघू.

वायर गेली होती, मग परत का आली?

सप्टेंबर २०१६ मध्ये अॅपलने आयफोन ७ मधून ३.५ मिमीचं हेडफोन जॅक काढून टाकलं आणि त्या निर्णयाला मंचावरून ‘धाडस’ म्हटलं. इंटरनेटवर त्या शब्दाची यथेच्छ टिंगल झाली. त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स जाहीर झाले, तेव्हा धाडसामागचा हिशेबही लोकांना दिसला. पुढे गुगलने २०१७ च्या पिक्सल २ मधून, वनप्लसने २०१८ च्या ६टी मधून आणि सॅमसंगने २०१९ च्या नोट १० मधून जॅक काढलं. यातल्या काही कंपन्यांनी आधी जाहिरातींमधून अॅपलची चेष्टा केली होती, हे सोडून देऊ.

पण वायर मेली नाही. आपल्याकडच्या स्वस्त फोनमध्ये जॅक टिकून राहिलं. परदेशात तर वायर ही फॅशन झाली. अमेरिकेच्या उपाध्यक्ष असताना कमला हॅरिस ब्लूटूथ इअरफोन टाळतात, कारण त्यांना त्यात सुरक्षेचा धोका वाटतो, अशी बातमी ‘पॉलिटिको’ने डिसेंबर २०२१ मध्ये दिली. तेव्हा तिच्यावर हसणारे बरेच होते. २०२० च्या निकालानंतर त्यांनी जो बायडन यांना केलेल्या फोनचा व्हिडिओ आठवत असेल, तर हातातली ती पांढरी वायरही आठवेल.

तुम्हा-आम्हाला हेरांची भीती नाही. आपली कारणं साधी आहेत. वायरला चार्जिंग लागत नाही, एक कानातला गटारात पडला म्हणून दुसरा निकामी होत नाही, आणि गेममध्ये आवाज वेळेवर येतो. यातलं तिसरं कारण सगळ्यात मोठं.

२०० मिलिसेकंदांत काय बिघडतं?

ब्लूटूथवर आवाज पाठवताना फोन तो आधी आकुंचित करतो, तुकड्या-तुकड्याने हवेतून पाठवतो, आणि इअरबड तो साठवून, उलगडून वाजवतो. या सगळ्यात साध्या ब्लूटूथवर साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. गाणं ऐकताना काही फरक पडत नाही. व्हिडिओ बघतानाही अॅप चित्र थोडं मागे ठेवून जुळवून घेतं. गेमला ती सोय नाही, कारण पुढच्या क्षणी तुम्ही कुठलं बटण दाबणार हे गेमला आधी माहीत नसतं.

साठ फ्रेमच्या वेगाने चालणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे २०० मिलिसेकंद उशीर झाला तर आवाज १२ फ्रेम मागे. बीजीएमआयमध्ये जिन्यावरची पावलं तुम्हाला ऐकू येईपर्यंत तो माणूस दारात उभा असतो. ‘गेमिंग मोड’वाले इअरबड हा उशीर ४० ते ६० मिलिसेकंदांपर्यंत आणल्याचा दावा करतात, आणि चांगल्या उपकरणांत फरक खरंच जाणवतो. वायरमध्येही उशीर शून्य नसतो, फोनचं स्वतःचं सॉफ्टवेअर थोडा वेळ खातंच. पण वायर स्वतःहून त्यात काही भर घालत नाही.

याहून कमी बोललं जाणारं दुखणं माइकचं आहे. ब्लूटूथवर गेम खेळताना स्क्वाडशी बोलायला माइक चालू केलात की अनेकदा आवाज अचानक जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो. तुमचा इअरबड बिघडलेला नसतो. ब्लूटूथची जुनी पद्धत अशी आहे की उत्तम स्टिरिओ आवाज आणि माइक या दोन गोष्टी एकाच वेळी देता येत नाहीत. माइक चालू झाला की सगळं ‘कॉल’च्या दर्जावर उतरतं. डावं-उजवं संपतं, आणि पावलं कुठून येतायत ते कळत नाही. ‘एलई ऑडिओ’ नावाची नवी पद्धत हे सुधारतेय, पण ती फोन आणि इअरबड दोन्हींत असावी लागते. वायरला हा प्रश्न कधी पडलाच नाही.

कन्सोलवाल्यांची स्थिती तर आणखी स्पष्ट. पीएस५ आणि एक्सबॉक्स साधे ब्लूटूथ इअरफोन घेतच नाहीत. कंट्रोलरला ३.५ मिमीचं भोक दिलेलं असतं, तिथे वायर लावायची. निन्टेंडो स्विचला ब्लूटूथ आवाज २०२१ च्या अपडेटने मिळाला, तोही माइकविना.

एक शब्द, तीन अर्थ

आता त्या बॉक्सकडे येऊ. ‘नॉइज’ या शब्दाच्या पुढे काय लिहिलंय, यावर सगळं अवलंबून आहे.

पहिला प्रकार म्हणजे नॉइज आयसोलेशन. यात वीज नाही, चिप नाही, काही नाही. सिलिकॉनची किंवा फोमची टिप कानाचं भोक बंद करते, जसा आपण बोटाने कान बंद करतो तसं. टिप नीट बसली तर २० डेसिबलच्या आसपास आवाज सहज कमी होतो. बोलणं, हॉर्न, कुकरची शिट्टी अशा वरच्या पट्टीतल्या आवाजांवर हा उपाय चांगला चालतो. इंजिनाच्या घरघरीसारख्या खालच्या आवाजावर तितका नाही.

दुसरा प्रकार म्हणजे अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, ज्याला सगळे एएनसी म्हणतात. इअरफोनच्या बाहेरच्या बाजूचा छोटा माइक गोंगाट ऐकतो, चिप त्या ध्वनिलहरीची बरोबर उलटी लहर तयार करते आणि ती तुमच्या कानात सोडते. लाटेच्या उंचवट्यावर खळगा बसावा तशा दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. हे गणित सतत एकसारख्या, खालच्या पट्टीतल्या आवाजावर उत्तम जमतं, म्हणजे विमान, एसी, पंखा, एसटीचं इंजिन. अचानक आलेल्या तीक्ष्ण आवाजावर चिपला तितका वेळच मिळत नाही. त्यामुळे महागडं एएनसी घेऊनही आईची हाक ऐकू येते. तक्रार करू नका, ते तसंच असतं.

तिसरा प्रकार म्हणजे एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन, ईएनसी. हे तुमच्या कानासाठी नाहीच. तुमचा माइक जो आवाज पुढे पाठवतो त्यातून आजूबाजूचा गोंगाट वजा करण्याची ही युक्ती आहे. फायदा समोरच्या माणसाला. माझ्या आईला झाला तो हाच.

आणि खरी मेख इथेच आहे. ईएनसी असलेल्या इअरफोनवर ‘नॉइज कॅन्सलेशन’ छापलं तर ते पूर्ण खोटं ठरत नाही. गोंगाट कापला जातोच, फक्त कुणाच्या कानातला ते सांगितलं जात नाही. ऑनलाइन यादीत तर ‘नॉइज कॅन्सलिंग’ हा शब्द सर्चमध्ये वर यायला म्हणून टाकलेला असतो, खाली तपशिलात कुठेतरी ‘पॅसिव्ह’ असं बारीक अक्षरात. घेणारा पहिलं वाचतो, दुसरं वाचायला विसरतो. यात चूक घेणाऱ्याची आहे असं म्हणणं मला पटत नाही.

एएनसी असेल तर वीज कुठून येते?

खोटा दावा ओळखायचा सगळ्यात सोपा प्रश्न हा आहे.

उलट लहरीची कल्पना जुनी. पॉल लूग या जर्मन शास्त्रज्ञाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. ती माणसाच्या कानापर्यंत आणण्याचं मोठं काम केलं अमर बोस यांनी. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस बंगालचे, ब्रिटिशांविरुद्धच्या चळवळीत पडल्यामुळे देश सोडून अमेरिकेत गेलेले. एमआयटीत शिकवणारे अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानात दिलेला हेडफोन लावून बसले, इंजिनाच्या आवाजात संगीत ऐकू येईना, आणि त्यांनी तिथेच बसल्या जागी गणित मांडायला घेतलं. १९८६ मध्ये ‘व्हॉयेजर’ विमानाने कुठेही न थांबता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा वैमानिकांकडे बोस कंपनीचे प्रायोगिक हेडसेट होते. १९८९ मध्ये ते वैमानिकांसाठी बाजारात आले आणि सामान्य ग्राहकांसाठीचं ‘क्वाएटकम्फर्ट’ २००० मध्ये.

आपल्या विषयाला जोडलेलं मॉडेल मात्र २०१३ चं, क्यूसी२०. कानात घालायचा, वायरवाला, खरा एएनसी इअरफोन. त्याच्या वायरवर, पिनेजवळ एक चपटी डबी होती. त्या डबीत बॅटरी आणि सर्किट. ती चार्ज करावी लागायची.

ती डबी शोभेची नव्हती. ३.५ मिमीच्या पिनेतून फोन फक्त आवाज पाठवतो आणि माइकपुरती अगदी किरकोळ वीज देतो. एएनसीची चिप त्यावर चालत नाही. त्यामुळे पिन ३.५ मिमीची आहे, वायरवर बॅटरीची डबी नाही, चार्जिंगचं भोक नाही आणि तरी बॉक्सवर ‘अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’ लिहिलंय, तर दुकानातून सरळ बाहेर पडा.

टाइप-सीची गोष्ट वेगळी. यूएसबीमधून फोन चांगली वीज देतो, त्यामुळे बॅटरीविना खरा एएनसी शक्य होतो. काही फोन कंपन्यांनी असे टाइप-सी एएनसी इअरफोन आणलेही होते. पण ते फारसे चालले नाहीत, कारण तोवर सगळं जग एअरपॉड्सच्या मागे लागलं होतं. आज वायर आणि खरा एएनसी दोन्ही हवं असेल तर पर्याय मोजकेच आहेत आणि ते जवळपास सगळे टाइप-सीचे आहेत.

मग टाइप-सीच घ्यायचा का?

थांबा, तिथेही एक खड्डा आहे. फोनमधला आवाज आकड्यांच्या रूपात असतो, कानाला लहर लागते. आकड्यांची लहर करणाऱ्या चिपला डीएसी म्हणतात. काही टाइप-सी इअरफोनमध्ये ही चिप असते, काहींमध्ये नसते. नसेल तर ते काम फोनने करावं लागतं, आणि कित्येक फोन टाइप-सीतून तशी लहर बाहेर देतच नाहीत. परिणाम असा की मित्राच्या फोनवर वाजणारा इअरफोन तुमच्या फोनवर मुका. ३.५ मिमीचं जोडणी-पिल्लू, ज्याला दुकानात कनेक्टर किंवा डोंगल म्हणतात, त्यालाही हाच नियम. ‘डीएसी आहे का?’ हे विचारायचंच. एएनसी असलेल्या टाइप-सी इअरफोनमध्ये चिप असतेच, हा त्यातला एक फायदा.

दुसरी अडचण जास्त रोजची. भोक एकच. तासभर गेम खेळून फोन १५ टक्क्यांवर आला की चार्जर लावायचा की इअरफोन? दोन्ही लावता येतील असे दुतोंडी अडॅप्टर मिळतात, पण स्वस्तातल्यांवर चार्जिंग मंद होतं किंवा आवाजात खरखर येते. फोनला जॅक असेल तर गेमिंगसाठी मी ३.५ मिमीच सुचवेन. तोच इअरफोन पीएस५ आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला, लॅपटॉपला, भावाच्या जुन्या फोनलाही चालतो. जुन्या डेस्कटॉपला माइक आणि स्पीकरची दोन वेगळी भोकं असतील तर दुभागणारी छोटी वायर घ्यावी लागेल, नाहीतर मित्रांना तुमचा आवाज जाणार नाही.

एएनसी नसेल तर काय अडतं?

माझं मत स्पष्ट सांगते. घरात गेम खेळायला बहुतेकांना एएनसी लागत नाही. चांगली बसणारी टिप लागते.

ई-स्पोर्ट्सच्या मोठ्या स्पर्धांत खेळाडूंकडे नीट बघा. हजारो प्रेक्षक ओरडत असतात, आणि खेळाडूंच्या कानात साधे वायरवाले इन-इअर असतात. त्यांच्यावर मोठा हेडसेट असतो, पण त्यातून बऱ्याचदा गेमचा आवाज नाही, नुसती सळसळ वाजवली जाते, समालोचक आणि प्रेक्षक ऐकू येऊ नयेत म्हणून. म्हणजे लाखोंची बक्षिसं लागलेली असताना भरवसा कशावर ठेवला जातो, तर कान घट्ट बंद करणाऱ्या टिपवर.

त्यामुळे बॉक्समध्ये तीन मापांच्या टिप आहेत का ते पाहा आणि तिन्ही लावून पाहा. आपले दोन्ही कान सारखे नसतात. डाव्याला मधली आणि उजव्याला मोठी बसली तर लाजायचं कारण नाही. टिप सैल असेल तर आधी खालचे सूर, बेस, गायब होतात आणि लोक म्हणतात इअरफोन पातळ वाजतो. फोमच्या टिप वेगळ्या विकत मिळतात, त्या दाबून आत सोडायच्या, कानात फुगतात. लोकलच्या प्रवासात फरक लगेच कळतो. मात्र महिना-दोन महिन्यांत त्या मळतात, कडक होतात, बदलाव्या लागतात.

वायर कपड्यांवर घासली की ती खसखस थेट कानात येते, हा वायरचा खरा दोष. वायर कानाच्या मागून घेतली किंवा शर्टाला चिमटा लावला की बरीच कमी होते. काही मॉडेलमध्ये वायर इअरफोनपासून सुटी करता येते. ते असेल तर जरूर घ्या, कारण वायरवाले इअरफोन मरतात ते पिनेपाशी वायर तुटून. तेवढी वायर बदलली की काम झालं. पहिल्या एअरपॉड्सना दुरुस्तीयोग्यतेत ‘आयफिक्सइट’ने दहापैकी शून्य गुण दिले होते, कारण आतली बॅटरी न तोडता काढताच येत नाही. दोन-तीन वर्षांत ती थकते आणि सगळा सेट कचऱ्यात. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांच्या बॅटरी वापरणाऱ्याला काढता येण्याजोग्या ठेवण्याचा नियम लागू होतोय, तेव्हा यात काही बदलतं का ते दिसेल.

बॉक्सवरच्या इतर आकड्यांचं म्हणाल तर, १० मिमीपेक्षा १४ मिमीचा ड्रायव्हर चांगलाच असं काही नसतं. आणि ३.५ मिमीच्या इअरफोनवर ‘७.१ सराउंड’ लिहिलं असेल तर आत आठ स्पीकर नसतात. पिनेतून जातात फक्त डावा आणि उजवा असे दोन आवाज, बाकीचा भास सॉफ्टवेअर करतं, आणि तो बऱ्याच गेममध्ये आधीच असतो.

कानाचा हिशेब

गोंगाट बाहेर ठेवण्याचं खरं कारण आराम नाही, आवाजाची पातळी आहे. बाहेर कोलाहल असला की आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकानुसार प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलवर. मुलांसाठी ती ७५ डेसिबल. ऐकायला भरपूर वाटतं, पण डेसिबलचा हिशेब सरळ चालत नाही. दर तीन डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० ला आठवड्याचे जेमतेम ४ तास. रोज दोन तास गेम आणि दोन तास प्रवास करणारा माणूस हे सोमवारीच संपवतो.

गेममध्ये आणखी एक गोष्ट होते. पावलं ऐकू यावीत म्हणून आवाज वाढवायचा आणि तेवढ्यात शेजारी ग्रेनेड फुटतो. गाण्यात असे अचानक धक्के क्वचित असतात. त्यामुळे गेमच्या सेटिंगमध्ये संगीत बंद करून, पावलं ऐकू येण्यापुरताच एकूण आवाज ठेवणं कानाला स्वस्त पडतं. खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर ते दमल्याचं लक्षण नाही, इजेचं आहे. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आणि जितकी टिप घट्ट, तितका बाहेरचा जग बंद. रस्ता ओलांडताना, फलाटाच्या कडेला एक कान मोकळा हवाच.

फसवलं गेलात तर

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वस्तूचं चुकीचं वर्णन करणारी जाहिरात ‘दिशाभूल करणारी’ ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी उत्पादकाला १० लाखांपर्यंत, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. रील बनवून वस्तू सुचवणारे इन्फ्लुएन्सरही यातून सुटत नाहीत. पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर तसं स्पष्ट सांगण्याची मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २०२३ मध्ये आली आहेत. तेव्हा “भावांनो, एएनसी एकदम कडक” असं कुणी सांगत असेल तर आधी व्हिडिओच्या कोपऱ्यात ‘अॅड’ लिहिलंय का बघा, मग वायरवरची ती डबी शोधा.

ऑनलाइन घेताना उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण तक्रार गेली की वर्णन बदलतं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि बिल सोबत असू द्या. परत घेण्याची मुदत संपण्याआधी एकदा चालत्या पंख्याखाली, गाणं न लावता, इअरफोन घालून बसा. एएनसीचं बटण असेल तर ते चालू-बंद करून पाहा. पंख्याची घरघर खरोखर विरली पाहिजे. विरली नाही आणि दुकानदार परत घेत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.